हिटमॅन २: मुंबईच्या गर्दीत लपायचं कसं आणि या गेमला मुंबई कितपत कळली?

टक्कल, काळा सूट, लाल टाय आणि मानेच्या मागे बारकोड. उंच, गोरा, कुणाशी फारसं न बोलणारा माणूस. असा कुणी खऱ्या मुंबईतल्या वस्तीत शिरला तर पाच मिनिटांत चार पोरं मागे लागतील आणि पुढच्या वळणावर कुणीतरी विचारेल, 'कोण पायजे तुम्हाला?' पण 'हिटमॅन २' या गेममध्ये हाच माणूस धोब्याचे कपडे घालतो आणि गुंडांच्या नाकासमोरून निघून जातो. कुणी मान वर करूनही बघत नाही.

पहिल्यांदा खेळताना हसू येतं. पण हा गेम उभा आहे तो याच गोष्टीवर. कुणाकडे बघायचं आणि कुणाकडे नाही, हे समाज कसं ठरवतो? पंचवीस वर्षांहून जास्त काळ चालू असलेली ही मालिका हा प्रश्न विचारते आणि २०१८ च्या भागात तो थेट मुंबईत येऊन विचारला गेला.

आधी हे सांगा, कुठला 'हिटमॅन २'?

हा गोंधळ खरा आहे, कारण या नावाचे दोन गेम आहेत. पहिला २००२ मधला 'हिटमॅन २: सायलेंट असॅसिन'. दुसरा १३ नोव्हेंबर २०१८ ला आलेला, नुसताच 'हिटमॅन २'. दोन्ही डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्ह या कंपनीचे. गंमत म्हणजे दोन्हींची कथा भारतात येते. पहिल्याने भारतात येऊन मोठा वाद ओढवून घेतला, दुसऱ्याने मालिकेतल्या चांगल्या नकाशांपैकी एक दिला. वादाकडे नंतर येऊ.

मालिकेची सुरुवात २००० मध्ये 'हिटमॅन: कोडनेम ४७' ने झाली. नायकाला नाव नाही, फक्त नंबर आहे: एजंट ४७. तो प्रयोगशाळेत तयार केलेला क्लोन आहे आणि मानेवरच्या बारकोडखालच्या आकड्यांतले शेवटचे दोन म्हणजे ४७. पैसे घेऊन खून करणं हा त्याचा धंदा. म्हणूनच हा गेम प्रौढांसाठी आहे, युरोपात त्याला १८ वर्षांवरचं रेटिंग आहे. घरात लहान मुलं असतील तर हे आधीच लक्षात घ्या.

स्टेल्थ गेम म्हणजे काय?

बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळणाऱ्याला शत्रू दिसला की काय करायचं हे शिकवावं लागत नाही. स्टेल्थ गेममध्ये उलटं असतं. इथे गोळी झाडायची वेळ आली म्हणजे तुमचं काहीतरी आधीच चुकलंय. कुणाला पत्ता लागू न देता आत जायचं, काम करायचं आणि आल्या वाटेने निघून जायचं.

१९८७ मध्ये जपानच्या 'मेटल गिअर' ने ही कल्पना रुजवली. मग १९९८ या एकाच वर्षात 'मेटल गिअर सॉलिड', 'थीफ' आणि 'तेन्चू' असे तीन गाजलेले गेम आले आणि हा वेगळा प्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला. या गेममध्ये लपायचं म्हणजे मुख्यतः अंधारात, भिंतीआड, पहारेकऱ्याची पाठ वळेपर्यंत दबा धरून.

हिटमॅनने दुसरी वाट धरली. इथे भरदिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लपायचं. वेष बदलायचा आणि गर्दीचा भाग व्हायचं.

मराठी माणसाला ही युक्ती नवी नाही. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला. त्या आधी मावळे लग्नाच्या वऱ्हाडात मिसळून पुण्यात शिरले, अशी गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते. यातली खुबी अंधारात नाही, वऱ्हाडात आहे. वाजत-गाजत जाणाऱ्या वरातीला थांबवून प्रत्येक वऱ्हाड्याला 'तू कुणाकडचा?' असं पहारेकरी विचारत नाही. हिटमॅनच्या भाषेत सांगायचं तर वेष बरोबर होता, वेळ बरोबर होती आणि शहरात शिरायचं कारणही बरोबर होतं.

समजा येवल्याचा नकाशा असता तर?

हिटमॅनचे नियम कोरडेपणाने सांगण्यापेक्षा नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आणून बघू. गेममध्ये येवला नाही, हा फक्त समजण्यासाठीचा खेळ.

पैठणीचं एक मोठं दुकान घ्या. पुढे विक्रीची गादी, मागे आणि माडीवर हातमाग. गादीवर तुम्ही गिऱ्हाईक म्हणून कितीही वेळ बसा, चहा प्या, पन्नास साड्या उलगडायला लावा. कुणी काही म्हणणार नाही. गेममध्ये ही 'सार्वजनिक जागा'. आता जिना चढून मागांकडे निघालात की नोकर म्हणेल, 'साहेब, तिकडे नाही.' ही 'मनाई असलेली जागा'. इथे एजंट ४७ ला लगेच पकडत नाहीत, पहिल्यांदा हटकतात. तिथून निमूट बाहेर पडलात तर प्रकरण मिटतं.

पण महावितरणच्या वायरमनचा वेष असेल तर? खांद्यावर शिडी, हातात पक्कड. दुकान, माडी, मागची खोली, गच्ची, कुठेही जा. उलट लोकच 'या या, बघा ना जरा' म्हणतील. जरी घेऊन येणारा माणूसही थेट विणकरापर्यंत पोचतो. प्रत्येक वेष काही दारं उघडतो आणि काही बंद ठेवतो. वायरमन तिजोरीजवळ उभा राहिला तर तोही संशयाचाच.

आता मुख्य नियम. तुम्ही विणकराचे कपडे घातलेत. रस्त्यावरच्या माणसाला तुम्ही विणकर वाटाल, गिऱ्हाइकालाही वाटाल. पण शेजारच्या मागावर बसलेल्या माणसाला? तो दहा वर्षं तिथे बसतोय. तो एका नजरेत म्हणेल, 'हा आपल्यातला नाही.' हिटमॅनमध्ये अशा लोकांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. बाकी सगळ्यांना फसवता येतं, या ठिपकेवाल्यांना नाही. त्यांच्या नजरेआडून जावं लागतं, पाठ करून उभं राहावं लागतं किंवा त्यांना दुसरीकडे पाठवावं लागतं. त्यासाठी कोपऱ्यात एक नाणं फेकलं तरी पुरतं.

आणि हा नकाशा संक्रांतीला खेळायचा असेल तर? येवल्यात पतंगांचे तीन दिवस म्हणजे सगळं गाव गच्चीवर, हातात आसारी, नजर आकाशात. रस्ते मोकळे, खाली कोण चाललंय याची कुणाला पर्वा नाही. पण गच्चीवरून पळायचं मनात असेल तर विसरा. हिटमॅनचे नकाशे बनवणारे लोक नेमका असाच विचार करतात. पॅरिसमध्ये फॅशन शो, मायामीत गाड्यांची शर्यत, म्हणजे सगळ्यांच्या नजरा एकीकडे लागतील असा काहीतरी प्रसंग ते शोधतात.

मग मुंबईत काय आहे?

२०१८ च्या गेममध्ये सहा मुख्य ठिकाणं आहेत: न्यूझीलंडचा समुद्रकिनारा, मायामी, कोलंबियातलं एक गाव, मुंबई, अमेरिकेतली एक शांत कॉलनी आणि उत्तर अटलांटिकमधलं एक बेट. मुंबईच्या भागाचं नाव 'चेसिंग अ घोस्ट', म्हणजे भुताचा पाठलाग.

हे भूत म्हणजे वझीर काळे. समुद्री चाचेगिरीतून आलेला टोळीप्रमुख, टोपणनाव 'मेलस्ट्रॉम'. वझीर हे नाव आणि काळे हे आडनाव ही जोडी कुणाला सुचली असेल ते असो, मराठी खेळाडू इथे एकदा तरी थबकतोच. दुसरं लक्ष्य दाऊद रंगन, गुन्हेगारीशी संबंध असलेला सिनेनिर्माता. त्याच्या अर्धवट बांधलेल्या टॉवरमध्ये शूटिंग चालू आहे. तिसरी वान्या शाह, वस्तीची राणी म्हणवून घेणारी आणि तशाच थाटात राहणारी बाई.

वझीर काळेची गोम अशी की त्याचा चेहरा कुणालाच माहीत नाही. इतर नकाशांत लक्ष्य कोण हे पहिल्या मिनिटाला कळतं. इथे गर्दीतल्या संशयितांवर नजर ठेवून आधी माणूस ओळखावा लागतो. म्हणजे ज्या गर्दीत तुम्ही लपता, त्याच गर्दीत तोही लपलाय. गेमची ही सगळ्यात चांगली कल्पना आहे आणि ती मुंबईतच शोभते. शांत अमेरिकन कॉलनीत तिला अर्थ राहिला नसता.

वेषांची यादी वाचली तरी शहर डोळ्यांसमोर येतं: न्हावी, शिंपी, धोबी, नर्तक, चित्रकार, साधू, सिनेमाच्या युनिटमधला कामगार. न्हावी बनलात की वस्तरा तुमच्या हातात. शिंपी बनून वान्या शाहच्या कपड्यांचं माप घ्यायला जाता येतं. चित्रकार होऊन दाऊद रंगनसमोर कुंचला घेऊन उभं राहता येतं. याच वस्तीत दुसराही एक सुपारी घेणारा नेमबाज आहे, 'काश्मिरियन'. नीट डाव मांडला तर लक्ष्याला त्याच्या बंदुकीसमोर आणून उभं करता येतं आणि एजंट ४७ ला एकही गोळी झाडावी लागत नाही. हे जमलं की आपणच आपल्या पाठीवर थाप मारावीशी वाटते.

या भागात काही नव्या सोयीही आल्या. दाट गर्दीत शिरलं की आता खरोखर लपता येतं, आधी गर्दी बरीचशी देखाव्यापुरती होती. उंच गवतात, झुडपांत दडता येतं. आरसा असेल तर समोरचा माणूस त्यात तुम्हाला बघू शकतो, त्यामुळे मागून येताना सावध राहावं लागतं. तुम्ही लपवलेलं काही कुणाला सापडलं तर पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत ते दिसतं. सूटकेस परत आली, त्यामुळे मोठी बंदूक उघड्यावर न मिरवता नेता येते.

नकाशा एकदा संपवून सोडून देणाऱ्याला हा गेम महाग वाटेल. मजा तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुरू होते. कोण कुठे जातो, किती वाजता चहाला थांबतो, कुणाचं कुणाशी वाकडं आहे हे एकदा पाठ झालं की मुंबईचा नकाशा घड्याळासारखा उलगडतो. आडोशाला उभं राहून नुसत्या गप्पा ऐकल्या तरी नवे मार्ग सापडतात. कान देऊन ऐकणं हे इथे बंदुकीपेक्षा मोठं हत्यार आहे.

२००२ मध्ये काय बिघडलं होतं?

'सायलेंट असॅसिन' ची कथा सिसिली, सेंट पीटर्सबर्ग, जपान, मलेशिया, अफगाणिस्तान अशी फिरत पंजाबात येते. तिथे शिखांच्या सर्वांत पवित्र स्थानाशी, हरमंदिर साहिबशी साम्य असलेली जागा दाखवली होती आणि पगडी बांधलेली माणसं शत्रू म्हणून उभी केली होती. ज्या ठिकाणी १९८४ मध्ये लष्करी कारवाई झाली, शेकडो माणसं मेली, त्या ठिकाणाची आठवण करून देणाऱ्या जागेत बंदूक घेऊन फिरायचं. शीख समाजाने जोरदार आक्षेप घेतला. शेवटी प्रकाशक आयडॉसला तो भाग काढून गेमची बदललेली आवृत्ती आणावी लागली.

चूक फक्त श्रद्धेचा मान न राखण्याची नव्हती, स्टेल्थ गेम म्हणूनही ते काम कच्चं होतं. त्या भागात पगडी म्हणजे फक्त शत्रूची खूण होती. ती माणसं कोण, काय काम करतात, कुणाला ओळखतात याचा विचारच नव्हता. समाज समजून घेऊन त्यात मिसळायचं हा ज्या गेमचा पाया, त्याने समाजाकडेच पाहिलं नव्हतं.

सोळा वर्षांनंतरच्या मुंबईत फरक दिसतो. इथली माणसं कामं करतात, कुरकुर करतात, मालकाच्या नावाने बोटं मोडतात. धोब्याला धोब्याचं काम आहे आणि ते कळल्याशिवाय तुम्ही धोबी बनून टिकू शकत नाही.

पण मुंबई खरी वाटते का?

निम्मी. वस्ती, टॉवर, सिनेमा आणि माफिया या चार खांबांवर परदेशी गेम, चित्रपट मुंबई उभी करत आलेत आणि 'हिटमॅन २' ने तेच केलंय. दाऊद हे नाव निवडताना तर फारसं डोकं चालवलेलं दिसत नाही. कोलंबिया म्हटलं की अमली पदार्थ आणि मुंबई म्हटलं की झोपडपट्टी, हा साचा या गेमने मोडलेला नाही. मध्यमवर्गीय मुंबई, ऑफिसला निघालेली, डबा सांभाळणारी, ती या चित्रात जवळपास नाहीच.

त्याहून खटकते ती भाषा. मुख्य संवाद इंग्रजीत, भारतीय उच्चारांत. ही जगभर विकायच्या गेमची अडचण समजू शकते. पण त्यामुळे वेषांतराचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा अडथळाच गायब झालाय. महाराष्ट्रात कपडे बदलून काम भागत नाही. तोंड उघडलं की गाव कळतं. पुढचा प्रश्न 'कुठले तुम्ही?' आणि त्यापुढचा 'आडनाव काय?' येवल्यासारख्या गावात तर त्याआधीच 'कुणाचा रे तू?' होऊन जातं. एजंट ४७ ला हे कुणी विचारत नाही.

तरीही तो गोरा माणूस धोबी बनून खपून जातो यात एक बोचरं सत्य आहे. न्हावी, धोबी, वेटर, सफाई कामगार, डिलिव्हरी करणारा पोरगा यांच्या कपड्यांकडे लोक बघतात, चेहऱ्याकडे नाही. सोसायटीच्या गेटवर रोज येणाऱ्या कुरिअरवाल्याचा चेहरा किती जण सांगू शकतील? गेम बनवणाऱ्यांना हे म्हणायचं होतं की नाही कोण जाणे, पण मुंबईच्या नकाशात ते फार ठळकपणे दिसतं. एजंट ४७ श्रीमंताच्या वेषात जितका अडतो, त्याहून कमी तो नोकराच्या वेषात अडतो.

कथा सांगण्याच्या बाबतीत गेम उणा पडतो. दोन मोहिमांमधले प्रसंग हलत्या चित्रांऐवजी स्थिर चित्रांनी उरकलेत. २०१७ मध्ये आयओ इंटरॅक्टिव्ह स्क्वेअर एनिक्सपासून वेगळी झाली, स्वतःच्या पायावर उभं राहून हा गेम केला. खर्च कुठे वाचवला ते इथे लगेच कळतं. नकाशांवर मात्र वाचवलेला नाही, हे बरं.

घ्यायच्या आधी इंटरनेटचं बघा

निमशहरी भागातल्या खेळाडूसाठी हा मुद्दा ग्राफिक्सपेक्षा महत्त्वाचा आहे. हा गेम एकट्याने खेळायचा असला तरी त्याला सतत इंटरनेट लागतं. नेट गेलं तर ऑफलाइन खेळता येतं, पण नवी हत्यारं, नवे वेष, सुरुवातीची नवी ठिकाणं यांसाठीची प्रगती मोजली जात नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी नकाशा पुन्हा पुन्हा खेळायचा, तीच थांबते. वीज आणि नेट दोन्ही मनाचे राजे असलेल्या गावात संध्याकाळचे दोन तास असे वाया जाणं म्हणजे डोक्याला ताप.

याच कारणावरून २०२१ मध्ये मोठा गदारोळ झाला. २०१६ चा 'हिटमॅन' जीओजी या दुकानावर आला. या दुकानाची ओळखच अशी की तिथला गेम विकत घेतला की तो तुमचा, इंटरनेटची अट नाही. खेळाडू भडकले, वाईट अभिप्रायांचा पाऊस पडला आणि काही आठवड्यांत जीओजीने गेम विक्रीतून काढला.

'हिटमॅन २' मध्ये दोन खेळाडूंनी समोरासमोर खेळायचा 'घोस्ट मोड' होता, तो २०२० मध्ये बंद झाला. ठरावीक दिवसांपुरतीच येणारी खास लक्ष्यंही होती, हुकली की गेली. त्यातलं पहिलं लक्ष्य म्हणून अभिनेता शॉन बीनला घेतलं होतं. पडद्यावर असंख्य वेळा मेलेला हा नट, आणि पात्राचं टोपणनाव 'अनडाइंग', म्हणजे न मरणारा. विनोद उत्तम होता, पण त्या दिवसांत तुमचं नेट चालू असायला हवं होतं.

आज खेळायचं तर काय घ्यायचं?

'हिटमॅन २' वेगळा शोधायची गरज नाही. जानेवारी २०२१ मध्ये तिसरा भाग आला आणि जानेवारी २०२३ पासून तिन्ही भाग 'हिटमॅन वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन' या एकाच नावाखाली मिळतात. मुंबई त्यातच आहे. सोबत 'फ्रीलान्सर' हा प्रकार आला. त्यात जुन्याच नकाशांवर नवी लक्ष्यं येतात आणि त्यांना गर्दीतून खाणाखुणांवरून ओळखावं लागतं. वझीर काळेची कल्पना पुढे कुठवर नेता आली असती, ते इथे बघायला मिळतं. कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर हा गेम चालतो. स्टीमवर मोठ्या सवलती येत असतात, त्यामुळे पूर्ण किमतीला घ्यायची घाई करू नका.

फक्त अँड्रॉइड फोन असेल तर २०२३ मध्ये आलेला 'हिटमॅन: ब्लड मनी रिप्रायझल' बघा. २००६ च्या गाजलेल्या भागाची ही मोबाइलसाठी केलेली आवृत्ती आहे. चित्रं जुनी वाटतील, पण वेषांतराचे नियम तिथेच पक्के झाले होते. बंदुका नकोत, नुसतं डोकं चालवायचं असेल तर २०१४ चा 'हिटमॅन गो' आहे. सोंगट्यांच्या पटासारखा, तुम्ही एक घर सरकलात की पहारेकरीही आपापली चाल करतात.

आणि थेट मुंबईत शिरणार असाल तर एक सल्ला. पहिला अर्धा तास कुणालाही हात लावू नका. नुसते फिरा, लोकांचं बोलणं ऐका, न्हाव्याच्या दुकानाशी थोडं थांबा, तिथे कोण येतं ते बघा.